कडेला विचारावं

रफूवालीच्या लेकीला अक्षरं कळायच्या आधी भोकं कळायला लागली, असं तिची आई अजून सांगते. आईच्या सांगण्यात थोडं मीठमसाला असतो, पण मूळ गोष्ट खरी आहे. जिन्याखालच्या त्या एका खिडकीच्या खोलीत दुसरं खेळणं तरी काय होतं! गिऱ्हाईक कोट, शाल, गालिचा घेऊन यायचं आणि आई सुईला हातसुद्धा न लावता ते कापड आधी खिडकीवर धरायची. पलीकडून उजेड यायचा, भोकं उजळायची, आणि मांडीवरच्या पोरीला आई विचारायची, "सांग गं चिमटे, हे कुणाचं काम?"

चिमटी हे तिचं घरचं नाव. जमिनीवर पडलेले धागे चिमटीत उचलून आणून द्यायची, म्हणून पडलेलं.

भोकं तीन जातींची, हे तिला पाचव्या वर्षी पाठ होतं. ठिणगीचं भोक करपट असतं. त्याची कड टणक, नखाला लागते. कसरीचं भोक कुरतडलेलं असतं. कड मऊ, भोवतीची लव चरून गेल्यासारखी. आणि तिसरं ते भोकच नव्हे, ते विरलेलं कापड. तिथे कड नसतेच. धागे हळूहळू पातळ होत जातात आणि कापड कुठे संपलं, उजेड कुठे सुरू झाला, ते सांगता येत नाही. ठिणगीचं भोक एका जागी विणून भागतं, विरलेल्याला मागून आधार द्यावा लागतो, कसर असेल तर आधी सगळं कपाट झटकावं लागतं. म्हणजे जात चुकली की रफू फुकट.

आई काम करताना गुणगुणायची. ओव्या तिच्या स्वतःच्याच, जोडाक्षरं चुकवत जुळवलेल्या:

*पहिला माझा टाका, टाकायची नाही घाई,*
*कडेला पुसते मी, कसं झालं सांग बाई.*

*भोक ते मुकं मुकं, कड त्याची बोलकी गं,*
*ऐकून घेते आधी, मग सुई हलकी गं.*

तीच चिमटी आता मोठ्या इस्पितळात छातीचे सीटी वाचत होती. तिथेही अंधारी खोली आणि उजेडाचा चौकोन, तिथेही भोकं. फरक एवढाच की कापड माणसाच्या आत होतं आणि ते हातात घेता येत नव्हतं. पहिल्या दिवशी पडद्यावर फुफ्फुसांची जाळी पाहिली, तेव्हा तिला परकं असं काही वाटलंच नाही. माहेरी आल्यासारखी ती खुर्चीत बसली होती.

खोलीचे धनी मोठे सर. तीस वर्षं त्यांनी त्या शहराच्या छात्या वाचल्या होत्या. सरांची सही झाली की फुफ्फुसालासुद्धा आपलं दुखणं बदलायची सोय नाही, असं मशीनवाले काका म्हणायचे. सरांच्या पाठीमागे, अर्थात. सर रागीट नव्हते, पण घाईत असायचे. दिवसाला साठ-सत्तर माणसांची छाती उघडायची तर घाई होणारच.

त्या घाईतून खोलीला दोन सवयी लागल्या होत्या. पहिली जाड कापांची. सीटी म्हणजे पावाचे काप करावेत तसे फुफ्फुसाचे काप. मशीन बारीक काप करतं, मिलिमीटरभराचे, एका माणसाचे चारपाचशे. तेवढे बघायला वेळ कुणाला? म्हणून त्यांचे जाड काप करून वाचायच्या पडद्यावर पाठवायचे. बारीक काप मशीनमध्येच राहायचे आणि जागा मोकळी करायला काका दर शुक्रवारी पाच वाजता ते पुसून टाकायचे. दुसरी सवय 'पूर्वीप्रमाणेच'ची. माणूस आधी येऊन गेलेला असेल तर जुना रिपोर्ट उघडायचा, नव्या चित्राशी पडताळायचा, फारसं बदललेलं नसेल तर जुनाच मजकूर उतरवून खाली लिहायचं, 'पूर्वीप्रमाणेच'. वेळ वाचायचा, आणि बहुतेकदा ते खरंही असायचं.

असाच एक शुक्रवार. दुपारी चारच्या सुमाराला तिच्यापुढे एका बँडवाल्याची छाती आली. माणूस चाळिशीतला, ट्रम्पेट वाजवणारा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या फुफ्फुसातून हवा बाहेर झिरपली होती आणि एका बाजूचं फुफ्फुस ओल्या पिशवीसारखं मिटलं होतं. या खेपेला तोच प्रकार दुसऱ्या बाजूला, पण थोडक्यात निभावलं होतं. जुना रिपोर्ट सरांचा: धूम्रपानाने विरलेली फुफ्फुसं, ठिकठिकाणी पोकळ्या. तिने जाड काप वरून खाली सरकवले. काळ्या पोकळ्या होत्या, कड कुठे दिसत नव्हती. विरलेलं कापड. तिने मजकूर उतरवला, 'पूर्वीप्रमाणेच' लिहिलं, सरांच्या सहीला पाठवलं आणि पाय मोकळे करायला बाहेर आली.

बाहेर बाकावर संसार मांडला होता. म्हणजे माणसं दोनच, पण भांडण चार माणसांचं.

"अहो, निदान इथं तरी खरं सांगा," बाई म्हणत होती. "डॉक्टरांपुढे कसली लाज?"

"ओढतच नाही तर काय सांगू?" बँडवाला छातीवर हात ठेवून हळू बोलत होता. "तू हुंगून बघतेस ना रोज? कधी वास आला?"

"वास यायला तुम्ही कच्च्या गुरूचे चेले थोडेच! बडीशेप खाऊन येत असाल."

"बडीशेप खाऊन ट्रम्पेट वाजवून बघ एकदा. दाणे पुढच्या रांगेतल्याच्या टकलावर जातात."

चिमटीला हसू आवरेना. बाईने तिचा पांढरा कोट पाहिला आणि झटक्यात उठली. "डॉक्टर, तुम्हीच बघा. दोन वर्षं झाली, कागदावर लिहून दिलंय तुमच्या इथूनच, की धुरानं झालंय. हे म्हणतात, आयुष्यात शिवलो नाही. मग कागद खोटं बोलतो का? आणि हे?" तिने पिशवीतून बँडचा कोट बाहेर काढला. लाल लोकरीचा, पितळी बटणांचा. पुरावा तिने बरोबरच आणला होता. "हे बघा, खिशाशेजारी. विडीचं भोक. यांच्या हातानंच पडलेलं."

"ते कसं पडलं मला ठाऊक नाही," बँडवाला म्हणाला. त्याच्या आवाजात आता भांडणही उरलं नव्हतं. "डॉक्टर, पोरगी पण आता बापाला लबाड म्हणते. दम लागतो त्याचं एवढं नाही हो."

चिमटीने कोट हातात घेतला. विचार न करता, सवयीने, तो वऱ्हांड्याच्या खिडकीवर धरला. उजेड पलीकडून आला. तिने कडेवरून नख फिरवलं.

कड मऊ होती. कुरतडलेली. भोवतीची लव चरून गेलेली.

"हे जळलेलं नाही," ती म्हणाली. "कसर आहे. कपाट झटका, आणखी सापडतील."

बाईचं तोंड उघडंच राहिलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"कडेवरून," चिमटी म्हणाली आणि तिचं तिलाच कानाखाली बसल्यासारखं झालं. कोटाच्या भोकाची कड तिने नखाने चाचपली होती. आणि या माणसाच्या छातीतल्या पन्नास भोकांची? ती न बघताच 'पूर्वीप्रमाणेच' लिहून आली होती.

तिने बँडवाल्याकडे नीट पाहिलं. नाकावर, गालांवर, मानेवर बारीक पांढुरके दाणे, रव्याच्या कणांएवढे.

"हे दाणे कधीपासून?"

"हे होय? घराण्याचा शिक्का आहे तो," बायकोच म्हणाली. "यांच्या वडिलांनाही होते. भावालाही आहेत."

"वडिलांना छातीचं काही?"

"ट्रंक उचलताना एकदा दम कोंडला होता म्हणतात," बँडवाला म्हणाला. "नळी घातली होती. नंतर ते पोटातल्या गाठीनं गेले. का हो?"

"अजून मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण इथून हलू नका." आणि घड्याळ बघून पळत सुटली. पाचाला बारा मिनिटं कमी होती.

मशीनवाले काका पुसायच्या तयारीतच बसले होते. एका हातात चहा, दुसरा हात कळफलकावर.

"काका, थांबा! ट्रम्पेटवाल्याचे बारीक काप पाठवा मला."

"डॉक्टरबाई, तो तर झाला ना? सरांच्या टेबलावर गेलासुद्धा."

"मी चुकीचं लिहिलंय."

काकांनी चहा खाली ठेवला. "बावीस वर्षांत या खोलीत हे वाक्य पहिल्यांदा ऐकतोय," ते म्हणाले. "घ्या, पाठवतो. चारशे ऐंशी आहेत, डोळ्यांचं तेल निघेल."

तेल निघालं नाही. उलट, डोळ्यांत अंजन पडल्यासारखं झालं. जाड कापांत कड दिसत नव्हती कारण जाड कापात ती पुसलीच जाते; दोन बोटं जाडीच्या गोधडीआड रेशमाचा धागा कुठून दिसणार? बारीक कापांत मात्र एकेका पोकळीला केसासारखी बारीक, पांढरी कड आली. हे कापड विरलेलं नव्हतंच. या घडीव पोकळ्या होत्या, आपापली भिंत घेऊन बसलेल्या. सिस्ट.

आता कुणाचं काम? ती एकेकाला विचारत गेली. धुराच्या पोकळ्या वरच्या मजल्यावर जमतात. इथे वरचा मजला जवळजवळ रिकामा आणि सगळी गर्दी तळाशी, आतल्या अंगाला, हृदयाच्या शेजारी. विडी ओढणाऱ्यांना दुसऱ्या एका रोगात वेड्यावाकड्या भिंतींची भोकं पडतात, पण तीही वरच, आणि तळाचे कोपरे ती सोडून देतात. तरण्या बायकांच्या एका दुर्मीळ आजारात सिस्ट असतात खऱ्या, पण त्या गोल आणि साऱ्या फुफ्फुसभर सारख्या पेरलेल्या. या गोल नव्हत्या. चपट्या, मसुरीच्या डाळीसारख्या, फुफ्फुसाच्या पडद्यांना आणि रक्तवाहिन्यांना गाल लावून बसलेल्या. तिने चित्र उलटवलं. आई कापड उलटं करून बघायची तसं आडव्या कापांचं उभं चित्र केलं, समोरून पाहिलं, मग बाजूने. प्रत्येक अंगाने तेच उत्तर आलं.

तळाच्या मसुरी, चेहऱ्यावरचे दाणे, बापाचा कोंडलेला दम. रक्तातून आलेलं दुखणं, धुरातून नव्हे. आणि या दुखण्याची एक चोरवाट असते, हेही तिला ठाऊक होतं. ती मूत्रपिंडाकडे जाते.

छातीच्या सीटीत शेवटी शेवटी फुफ्फुस संपतं आणि पोटातले वरचे अवयव डोकावतात. तिथवर सहसा कुणी सरकत नाही. ती सरकली. शेवटून तिसऱ्या कापात डाव्या मूत्रपिंडाचा माथा दिसत होता, आणि त्या माथ्यावर एक छोटा, वेगळ्या छटेचा उंचवटा. वाटाण्याहून थोडा मोठा. इतकाच.

बापाच्या पोटातली गाठ. हा रिपोर्ट सहीला गेला होता. सही झाली की बँडवाला घरी, बायकोचं हुंगणं चालूच आणि वाटाणा आपल्या जागी, निवांत वाढत.

सर सह्या करत होते. ढिगात खालून चौथा कागद तिचा.

"सर, तो ट्रम्पेटवाल्याचा कागद परत हवाय."

"कशाला?"

"चुकीचा आहे."

"मजकूर तर माझाच आहे," सर चष्म्यावरून बघत म्हणाले. दारात काका चहाचा रिकामा कप घेऊन उगीचच उभे होते.

"हो सर. तुमचा चुकला, आणि मी न बघता उतरवला. म्हणजे दोघांचा चुकला." बोलून गेल्यावर तिला कळलं की आपण काय बोललो. पण सुटलेला धागा परत रिळावर जात नाही.

सर उठून तिच्या खुर्चीत बसले. "कड दाखव."

तिने दाखवली.

"एकीला कड असली म्हणजे झालं नाही. दुसरी दाखव." तिने दाखवली. "तिसरी. ही वरची धुराची कशी नाही? मसुरी कशाला म्हणतेस, हिला मसूर म्हणतात? ही तर वालाच्या दाण्याएवढी आहे." ते प्रत्येक वाक्यात तिला उसवायला बघत होते आणि ती प्रत्येक टाक्याला उत्तर देत होती. शेवटून तिसऱ्या कापावर दोघं आले. बराच वेळ त्यांनी तो उंचवटा पुढे-मागे सरकवून पाहिला. मग ताडकन उठून बाहेर गेले, बँडवाल्याच्या चेहऱ्याजवळ चेहरा नेऊन त्याचे दाणे बघून आले. बँडवाला बिचारा घाबरून उभाच राहिला.

"दोन वर्षांपूर्वी याच्याशी मी एक शब्द बोललो नव्हतो," परत आल्यावर सर हळूच म्हणाले. "साप साप म्हणून भुई धोपटली. आणि तुला, पोरी, हे सुचलं कुठून?"

"कोटावरून, सर. त्याची बायको म्हणाली विडीचं भोक. ते कसरीचं निघालं."

"तुला कसरीचं भोक कळतं?"

"माझी आई रफू करते," ती म्हणाली. हे वाक्य तिने आजवर शंभरदा उच्चारलं असेल, पण आज ते म्हणताना तिची मान आपोआप वर झाली. सर एखाद्या मोठ्या विद्यापीठाचं नाव ऐकावं तसे ऐकत होते.

"बस," ते म्हणाले. "मी सांगतो तसं नको, तू सांग, मी लिहितो."

आणि त्या खोलीत आजवर न घडलेली गोष्ट घडली. सर लिहीत होते आणि ती सांगत होती.

बाकावर जाऊन सगळं समजावलं तेही सरांनीच. हे दुखणं धुराचं नव्हे, घराण्यातून आलेलं दिसतं. रक्ताची तपासणी करून पक्कं करू. भावाला आणि मुलीलाही तपासायला हवं. आणि मूत्रपिंडावर एक लहानशी गाठ आहे, लहान आहे तोवरच सापडली आहे, तिचा बंदोबस्त होईल. बँडवाला ऐकत होता, पण अर्ध्यावरच अडकला होता.

"म्हणजे मी ओढत नव्हतो?" त्याने विचारलं.

"तुम्ही ओढत नव्हता," सर म्हणाले. "आम्ही चुकीचं लिहिलं होतं. मी लिहिलं होतं."

बायकोने पदराने तोंड झाकलं. दोन वर्षांचं हुंगणं तिच्या डोळ्यांतून एकदम वाहायला लागलं. मग नाक पुसत ती नवऱ्यावरच घसरली, "आणि तुम्ही! ठासून सांगायचं नाही का कधी?"

"आता याच्यापुढे काय ठासू?" बँडवाला म्हणाला, आणि दम राखून राखून हसायला लागला.

रक्ताने होकार दिला. गाठ काढून टाकली, मूत्रपिंड वाचलं. भावाच्या पोटात काही सापडलं नाही, पण आता त्याच्यावर दरवर्षी नजर राहणार होती. शुक्रवारी पाच वाजता पुसायच्या आधी, मिटलेल्या फुफ्फुसांचे बारीक काप वेगळे ठेवायचे, असा कागद मशीनच्या खोलीत चिकटला. अक्षर सरांचं, पण काका येईल त्याला सांगत, "हा आमच्या डॉक्टरबाईंचा कायदा."

दोन महिन्यांनी जिन्याखालच्या खोलीत एक लाल कोट आला. बँडवाल्याच्या बायकोने पत्ता विचारत विचारत आणला होता. आईने तो खिडकीवर धरला आणि कुणी काही सांगायच्या आत म्हणाली, "कसर. कपाट झटकलं का बाई?"

"झटकलं," बाई म्हणाली. "लेकीनं तुमच्या, आधीच सांगितलं होतं."

बाई गेल्यावर आईने सुई ओवली. त्या दिवशी चिमटी सुट्टीवर होती, समोर बसून पायाला लागलेले लाल धागे चिमटीत उचलत होती. तिने पिशवीतून रिपोर्टची प्रत काढून आईपुढे ठेवली. आईला त्यातलं ओ की ठो कळणार नव्हतं. पण सगळ्यात शेवटी, सहीच्या वर, सरांनी साध्या अक्षरात दोन ओळी घातल्या होत्या, त्या तिने वाचून दाखवल्या: 'आधीचं वाचन माझं होतं आणि ते चुकीचं होतं. हे वाचन माझ्या सहकारी डॉक्टरांचं आहे. मी त्याच्याशी सहमत आहे.'

आईने कागद हातात घेतला. सवयच ती, खिडकीवर धरला. उजेड पलीकडून आला, अक्षरं उजळली. चारही कडांवरून तिने सावकाश नख फिरवलं.

"कुठं विरलेलं नाही," ती म्हणाली. मग चष्मा पुसायला तिला जरा जास्तच वेळ लागला. "आता तो धागा दे इकडे. आणि उजेडातून बाजूला हो गं डॉक्टर, माझं काम खोळंबलंय."

तिने आयुष्यात पहिल्यांदा लेकीला चिमटी म्हटलं नव्हतं. पहिला टाका घालताना ती गुणगुणायला लागली आणि चिमटीने ओळखलं की ही ओवी नवीन आहे:

*माझ्या गं सुईखाली, कोट होई साजरा,*
*लेकीच्या नजरेला, दिसे उरीचा पिंजरा.*

*मी शिवते उजेडात, ती वाचते अंधारात,*
*कड दोघींची एक, एकीचा दुजीला हात.*